बी-लाइन्स दिसतात, तरी निदान चुकतं: धापेच्या पेशंटची लंग सोनोग्राफी कुठे अडते

कॅज्युअल्टीतून रात्री येणारा फोन साधारण असा असतो: "सर, बेड चारचे बाबा, सॅच्युरेशन 84, दोन्हीकडे बी-लाइन्स आहेत, लॅसिक्स दिलंय." (बी-लाइन्स म्हणजे सोनोग्राफीत फुप्फुसावर दिसणाऱ्या उभ्या रेषा; लॅसिक्स म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध.) तासाभराने दुसरा फोन: "सर, फरक नाही. बीपी 90 वर आलंय. आणि मुलगा आत्ता सांगतोय, चार दिवस ताप होता."

याच्या उलट तक्रारही तितकीच नेहमीची. पेशंट उठून बसलाय, तोंडाला फेस, छातीत दोन्हीकडे घरघर, एक्स-रेवर सगळं पांढरं, आणि प्रोब ठेवणारा रेसिडेंट म्हणतोय, "बी-लाइन्स दिसतच नाहीत."

ए-लाइन, बी-लाइन, स्लायडिंग (श्वासाबरोबर प्ल्युराचं, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचं, सरकणं) हे शब्द ओळखीचे आहेत आणि चार-सहा वेळा छातीवर प्रोब ठेवून झालाय, पण मशीन आणि पेशंट यांचं जुळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. तपासायचा क्रम माझ्या मते ठरलेला आहे: आधी मशीन, मग हात, मग प्ल्युरा आणि मग निदान. बहुतेक जण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि तिथेच अडकतात.

मशीनची सेटिंग

अल्ट्रासाउंडची लहर हवेतून पुढे जात नाही. त्यामुळे निरोगी फुप्फुस आपल्याला दिसत नाहीच, प्ल्युरावर आपटून परत आलेल्या लहरींचा खेळ दिसतो. प्ल्युरा आणि प्रोब यांच्यात लहर पुन्हा पुन्हा आपटली की आडव्या ए-लाइन्स उमटतात. प्ल्युरालगतचा भाग ओला किंवा जाड झाला की लहर तिथे अडकून घुमते आणि उभी बी-लाइन उमटते. म्हणजे दोन्ही आर्टिफॅक्टच, खरा अवयव नव्हे, लहरींनी उमटवलेला आभास. आणि मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपली हुशारी खर्ची घातलीय ती आर्टिफॅक्ट पुसून चित्र गुळगुळीत करण्यात. लिव्हर किंवा गर्भ बघताना हे वरदान असतं. आपल्याला जे बघायचंय तेच मात्र त्यात पुसलं जातं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे कंपाउंड इमेजिंग. यात मशीन वेगवेगळ्या कोनांतून लहरी सोडतं आणि मिळालेल्या चित्रांची सरासरी काढतं. त्यामुळे एक ठसठशीत बी-लाइन फिकट होते, किंवा पंख्यासारखी फाकून दोन-तीन असल्याचा भास होतो. हे फीचर बंद करा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं: जीईवर क्रॉसएक्सबीम, फिलिप्सवर सोनोसीटी, माइंड्रेवर आयबीम, सोनोसाइटवर सोनोएमबी. त्याच्या जोडीला चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर असतो (फिलिप्सचा एक्सरेस, माइंड्रेचा आयक्लिअर), तोही बंद. पर्सिस्टन्स शून्यावर किंवा अगदी कमी ठेवा. ते जास्त असेल तर आधीच्या फ्रेम्स पुढच्या फ्रेममध्ये मिसळतात आणि स्लायडिंग पुसट होतं. टिश्यू हार्मोनिक्सबद्दल थोडे मतभेद आहेत. मी बंद ठेवतो.

फोकस एकच, आणि तो प्ल्युराच्या रेषेवर. पोटाच्या प्रीसेटमध्ये तो 8-10 सेंमी खाली बसलेला असतो, कुणी हलवत नाही.

डेप्थवरून होणारा गोंधळ तर रोजचा. निरोगी माणसाच्या प्ल्युरावरूनही बारीक उभ्या शेपट्या निघतात, पण त्या दोन-चार सेंमीत विरून जातात. त्यांना झेड-लाइन्स म्हणतात आणि त्यांना काही अर्थ नसतो. लिनियर प्रोब, डेप्थ 4 सेंमी अशी सेटिंग ठेवली तर याच शेपट्या स्क्रीनच्या तळाशी टेकतात आणि "बी-लाइन्स, दोन्हीकडे" अशी नोंद होते. म्हणून बी-लाइन्स मोजायच्या असतील तर कॉन्व्हेक्स प्रोब आणि 12 ते 15 सेंमी डेप्थ. खरी बी-लाइन प्ल्युरातून निघते, न विरता तळापर्यंत जाते, श्वासाबरोबर सरकते आणि वाटेतल्या ए-लाइन्स पुसून टाकते. चारपैकी एक अट जरी हुकली तरी मोजायची नाही.

गेन (चित्राचा उजळपणा) फार वाढवला की सगळंच पांढरं, फार कमी केला की बी-लाइन्स गायब. टीजीसीच्या (खोलीनुसार गेन ठरवणाऱ्या) पट्ट्या एका सरळ रेषेत आणून ठेवा. कॅज्युअल्टीत त्या कुणाच्या तरी कोपराने सरकलेल्याच असतात.

सेटिंग बरोबर आहे की नाही हे कळायला सोपा उपाय आहे. ड्युटी सुरू झाली की स्वतःच्या किंवा शेजारच्या इंटर्नच्या छातीवर, कॉलरबोनखाली, प्रोब ठेवा. सर्दी-खोकला नसलेल्या तरुण माणसात तिथे छान स्लायडिंग आणि दोन-तीन ए-लाइन्स दिसल्या पाहिजेत. ए-लाइन्सच दिसत नसतील, किंवा इंटर्नलाच हार्ट फेल्युअर निघालं, तर दोष मशीनचा. मग ही सेटिंग 'लंग' नावाने प्रीसेट म्हणून सेव्ह करून टाका, नाहीतर सकाळी लेबर रूमचं काम झालं की रात्री पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जाता जाता: मशीन कॅज्युअल्टीत आहे म्हणजे ते तिथे वापरायला मोकळं आहे, असं समजू नका. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 सालीच स्वतःचा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा 1994 चा. या कायद्याखाली मशीनची नोंदणी, ते कुठे ठेवलंय आणि कोण वापरतं, हे सगळं कागदावर लागतं. तुम्ही छातीच बघताय हे मशीनला कळत नाही आणि तपासणीला आलेल्या पथकालाही ते पुरत नाही. प्रशासनाकडून हे आधी करून घ्या, नाहीतर मशीन रेडिओलॉजीत कुलपात आणि तुम्ही स्टेथोस्कोपवर.

हात

प्रोब उभा, मार्कर डोक्याकडे. दोन बरगड्यांच्या सावल्या आणि त्यांच्या मधे, बरगडीच्या कडेपेक्षा साधारण अर्धा सेंमी खोल, चमकणारी प्ल्युराची रेषा, एवढं स्क्रीनवर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. बरगड्या न शोधता प्ल्युरा शोधणारे जाड पेशंटमध्ये स्नायूचा पडदाच प्ल्युरा समजून बसतात.

रेषा सापडली की प्रोब किंचित पुढे-मागे कलता करा, ती सगळ्यात उजळ होईपर्यंत. लहर प्ल्युरावर काटकोनात पडली तरच ए-लाइन्स उमटतात. ना ए, ना बी, नुसतं करडं धुकं दिसत असेल तर बहुतेक वेळा कोन चुकलाय. धापेचा पेशंट पुढे वाकून बसलेला असतो, प्रोब जेलवरून घसरतो, आपण घाईत असतो, हे होणारच. पण करड्या धुक्याला 'नॉर्मल' म्हणून नोंदवू नका. वर सांगितलेल्या दुसऱ्या तक्रारीत, म्हणजे फेसाने भरलेल्या पेशंटमध्ये बी-लाइन्स न दिसण्यात, कंपाउंड इमेजिंगच्या खालोखाल वाटा याचाच.

मोजणीची एक बारीक गोष्ट. 2012 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एका भागात, प्रोब उभा धरून, दोन बरगड्यांच्या मधे 3 किंवा जास्त बी-लाइन्स असतील तर तो भाग पॉझिटिव्ह. प्रत्येक बाजूचे 4, असे एकूण 8 भाग बघायचे; दोन्ही बाजूंना प्रत्येकी 2 किंवा जास्त भाग पॉझिटिव्ह असतील तर ते सगळीकडे पसरलेलं इंटरस्टिशियल चित्र. प्रोब आडवा फिरवून बरगड्यांच्या फटीत बसवला की प्ल्युराचा लांब तुकडा दिसतो आणि साहजिकच बी-लाइन्सही जास्त दिसतात. अशा वेळी "पाच मोजल्या" याला अर्थ राहत नाही. शिवाय फुप्फुसाच्या अगदी तळाशी, बाजूला, निरोगी माणसातही एखाद-दोन सापडतात. एका जागी प्रोब टेकवून निकाल देणारे नेमके तिथेच टेकवतात, कारण तिथे हात सहज पोहोचतो.

उजवीकडे खाली आलात की आधी डायफ्रॅम ओळखा. लिव्हरचं आरशातलं प्रतिबिंब डायफ्रॅमच्या वर दिसतं आणि नवख्याला तो न्यूमोनियाचा घट्ट झालेला भाग वाटतो. तिथे पाणी आहे का, हे मणक्यावरून कळतं. हवेने भरलेलं फुप्फुस असेल तर मणका डायफ्रॅमपाशी संपल्यासारखा दिसतो. छातीत पाणी असेल तर तो डायफ्रॅमच्या वरही दिसत राहतो.

बी-लाइन्स खऱ्या आहेत. पण कशाच्या?

घोळ होतो तो मुख्यतः इथे. बी-लाइन इतकंच सांगते की प्ल्युरालगतच्या फुप्फुसात हवा कमी आणि पाणी, पू, रक्त किंवा जाड तंतू जास्त झालेत. कारण ती सांगत नाही. हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया, एआरडीएस (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन ती निकामी होणं), फायब्रोसिस, डायलिसिस चुकवलेला किडनीचा पेशंट, छातीला मार लागून झालेलं कंट्यूजन, सगळ्यांत त्या येतात. "बी-लाइन्स पॉझिटिव्ह" हे वाक्य केसपेपरवर "ताप आहे" इतकंच उपयोगी.

म्हणून बी-लाइन्स मोजून झाल्या की नजर वर न्या, प्ल्युराच्या रेषेवर. शक्य असेल तर इथे प्रोब बदला: लिनियर, डेप्थ 4-5 सेंमी. आता बी-लाइन्स विसरा आणि फक्त रेषा बघा.

समजा साठीच्या बाई आहेत, बीपी-शुगर जुनं, दोन रात्री उशा रचून बसून काढलेल्या. रेषा बारीक, गुळगुळीत, अखंड, श्वासाबरोबर व्यवस्थित सरकतेय. बी-लाइन्स दोन्हीकडे सारख्या, वरपेक्षा खाली जास्त, दोन्ही तळाशी थोडं पाणी. मधे सोडलेली कोरडी जागा नाही. हृदयावर प्रोब ठेवला तर डावं व्हेंट्रिकल कसंबसं हलतंय, आयव्हीसी (पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) फुगलेली. हे सगळं एका दिशेला बोट दाखवतंय, नायट्रोग्लिसरीन, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा), लॅसिक्स, जे तुमच्याकडे चालतं ते सुरू करा.

आता त्याच वयाच्या दुसऱ्या बाई. बी-लाइन्स दोन्हीकडे आहेत, पण उजवीकडे मागे दाट, डावीकडे दोन भागांत दाट आणि मधला भाग कोरा, स्वच्छ ए-लाइन्सवाला. लिनियरखाली रेषा जागोजागी तुटलेली, खडबडीत, तिच्या खाली दोन-तीन मिलिमीटरचे काळसर खळगे, आणि एका जागी स्लायडिंग मंदावलेलं. हा न्यूमोनिया किंवा एआरडीएसचा नमुना. कोविडच्या लाटांमध्ये आपण सगळ्यांनी तो पोटभर पाहिलाय, तरी विसरतो. घट्ट झालेल्या भागात पांढरे ठिपके श्वासाबरोबर हलताना दिसले, म्हणजे डायनॅमिक एअर ब्रॉन्कोग्राम, तर न्यूमोनियाच्या बाजूने पारडं आणखी जड. अशा पेशंटला लॅसिक्स दिलं की बीपी खाली येतं आणि सेप्सिसची वेळ हातची जाते.

तिसरा पेशंट आपल्याकडे जास्त येतो आणि पाश्चात्त्य पुस्तकांतल्या तक्त्यांत त्याला फारशी जागा नसते: जुना टीबी. वरच्या भागात रेषा जाड, वेडीवाकडी, बी-लाइन्स एकाच बाजूला, आणि त्या गेल्या दहा वर्षांपासून तिथेच आहेत. जुना एक्स-रे मागा. नातेवाइकांच्या पिशवीत तो बहुतेक वेळा असतोच, कुणी विचारत नाही. आयएलडीचंही (फुप्फुसाच्या जाळीच्या जुनाट आजारांचंही) तसंच, फक्त ते दोन्हीकडे असतं आणि म्हणून हार्ट फेल्युअर म्हणून जास्त खपतं. रेषेचा खडबडीतपणा तिथे वाचवतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकण पट्ट्यात, ताप आणि धाप घेऊन येणाऱ्या तरुणात दोन्हीकडे दाट बी-लाइन्स दिसल्या तर पहिला विचार हृदयाचा करू नका. लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिसमध्ये) फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, आणि खोकल्यातून रक्त येण्याआधीही तो सुरू झालेला असू शकतो. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, छातीत-पोटात साठतं. आतली रक्तवाहिनी मात्र रिकामी असते. तिथे बी-लाइन्स बघून लॅसिक्स म्हणजे सरळ शॉककडे ढकलणं.

विंचूदंशाचं उदाहरण तर फारच बोलकं. लाल विंचवाच्या विषाने शरीरात कॅटेकोलामाइन्सचं (अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचं) वादळ उठतं आणि पल्मनरी एडीमा होतो, म्हणजे फुप्फुसात पाणी भरतं. रेषा गुळगुळीत, बी-लाइन्स दोन्हीकडे, चित्र हुबेहूब हार्ट फेल्युअरचं, आणि हृदयावर ताण असतोही. पण पेशंट घाम आणि उलट्यांनी सुकलेला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिनचा वापर रुजवला, तो याच वादळाची धार बोथट करायला. म्हणजे निदान अगदी बरोबर असलं तरी 'बी-लाइन्स म्हणून लॅसिक्स' हे समीकरण इथेही लागू होत नाही.

2015 साली इटलीतल्या 7 इमर्जन्सी विभागांचा हजाराहून जास्त पेशंटचा अभ्यास आला. नेहमीच्या क्लिनिकल तपासणीत हार्ट फेल्युअर ओळखण्याची सेन्सिटिव्हिटी सुमारे 85 टक्के होती, तिच्यात लंग सोनोग्राफी मिसळल्यावर ती 97 टक्क्यांवर गेली. आकडा सगळे सांगतात. तिथल्या डॉक्टरांनी आधी हिस्ट्री घेतली होती, छाती ऐकली होती, ईसीजी पाहिला होता आणि मग प्रोब उचलला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

स्क्रीन कोरडी, पेशंट धापतोय

दोन्हीकडे पुढे स्वच्छ ए-लाइन्स, स्लायडिंग चांगलं, तळाशी पाणी नाही. "काहीच सापडलं नाही" म्हणून प्रोब ठेवून देतात. खरं तर खूप काही सापडलंय: इतक्या धापेला पल्मनरी एडीमा कारण असण्याची शक्यता जवळपास गेली. उरतात दमा, सीओपीडी, पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी) आणि फुप्फुसाबाहेरची कारणं. छातीत घरघर वाजत असेल तर नेब्युलायझेशन. वाजत नसेल तर पायांवर जा, जांघेत आणि गुडघ्यामागे शीर प्रोबने दाबून बघा; दबत नसेल तर गुठळी. तेही नसेल तर ग्लुकोमीटर आणि एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी). खोल, भराभर श्वास घेणारा डीकेएचा (मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालेला) पेशंट 'दमा' म्हणून नेब्युलायझरवर बसलेला मी वेगवेगळ्या कॅज्युअल्टीत पाहिलाय. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायलाही मशीन लागत नाही. हिमोग्लोबिन 4 असलं तरी धाप लागतेच.

हा उतरता क्रम मुळात फ्रेंच इंटेन्सिव्हिस्ट डॅनियल लिश्टेनस्टाइन यांच्या ब्ल्यू प्रोटोकॉलचा. 2008 च्या त्यांच्या पेपरात 260 पेशंटपैकी 90.5 टक्क्यांत निदान बरोबर आलं होतं. पण ते सगळे आयसीयूत दाखल झालेले पेशंट होते, आणि ज्यांचं निदान शेवटपर्यंत पक्कं झालं नाही किंवा ज्यांना एकाहून जास्त निदानं होती, ते हिशोबातून वगळले होते. आपल्या कॅज्युअल्टीत सीओपीडी, जुना टीबी, वर न्यूमोनिया आणि किंचित हार्ट फेल्युअर असे आजोबा एकाच स्ट्रेचरवर येतात. तक्ता वापरा, पण तक्त्यात बसवण्यासाठी आजोबांना दाबू नका.

आणखी एक शक्यता: पेशंट दुसऱ्या दवाखान्यातून लॅसिक्स घेऊन, तासभर ऑक्सिजन-बायपॅपवर राहून आलाय. उपचाराने बी-लाइन्स काही तासांत कमी होतात. रेफरल चिठ्ठी आधी वाचा.

स्लायडिंग नाही, म्हणून आयसीडी (छातीत नळी)?

थांबा. स्लायडिंग नसण्याची कारणं न्यूमोथोरॅक्सपुरती (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) नाहीत. श्वासाची नळी उजव्या ब्रॉन्कसमध्ये गेलीय, जुन्या टीबीने प्ल्युरा चिकटलाय, सीओपीडीचा मोठा बुला (फुप्फुसातला हवेचा फुगा) आहे, पेशंट श्वासच घेत नाहीये. एम-मोडवर बारकोडसारखं चित्र या सगळ्यांत येतं. त्या जागी एक जरी खरी बी-लाइन दिसली, किंवा हृदयाच्या ठोक्याबरोबर प्ल्युरा थरथरताना दिसला, तर निदान त्या जागेखाली तरी न्यूमोथोरॅक्स नाही. लंग पॉइंट, म्हणजे स्लायडिंग येतं-जातं ती सीमा, सापडला तर न्यूमोथोरॅक्स नक्की. फुप्फुस पूर्ण बसलं असेल तर मात्र तो सापडत नाही. बुल्यात आयसीडी घालणं ही नंतर निस्तरता न येणारी गोष्ट असते, त्यामुळे पेशंट स्थिर असेल तर एक्स-रे किंवा सीटीची वाट बघा. बीपी कोसळतंय, मानेच्या शिरा फुगल्यात आणि एका बाजूला आवाज नाही, तर सोनोग्राफीही नको, सुई घाला.

हाताखाली चुरचुरणारी हवा, म्हणजे सर्जिकल एम्फिसेमा, असेल तर उभ्या रेषा प्ल्युराच्या वरूनच, कातडीखालून निघतात. बरगड्यांच्या सावल्याच दिसत नसतील तर त्या बी-लाइन्स नव्हेत, आणि त्या पेशंटमध्ये छातीची सोनोग्राफी तिथेच सोडून द्या.

नोंद आणि पुन्हा बघणं

केसपेपरवर "लंग यूएसजी: बी-लाइन्स +" असं लिहू नका. कुठले भाग, प्ल्युरा कसा, मधे कोऱ्या जागा आहेत का, पाणी आहे का, प्रोब कुठला, पेशंट बसलेला की आडवा, उपचारांच्या आधी की नंतर. दोन ओळी पुरतात: "कॉन्व्हेक्स, बसलेला, लॅसिक्सपूर्वी. दोन्हीकडे पुढचे-बाजूचे सगळे भाग पॉझिटिव्ह, प्ल्युरा गुळगुळीत, तळाशी दोन्हीकडे थोडं पाणी, एलव्ही कमकुवत." सकाळच्या टीमला यावरून तुलना करता येते.

मग दोन-तीन तासांनी तेच भाग, त्याच स्थितीत, त्याच प्रोबने पुन्हा बघा. हार्ट फेल्युअर असेल आणि लघवी झाली असेल तर पुढच्या भागांत ए-लाइन्स परत डोकावायला लागतात. दोन लिटर लघवी होऊनही चित्र जसंच्या तसं असेल तर तिसरा लॅसिक्सचा डोस लिहिण्याआधी लिनियर प्रोबने प्ल्युरा बघून या.